चिठ्ठी पुढे कुठे जाते?

वर्षातून एकदा शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे हे पथक. त्यात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता व एक परिचारिका असावी, असे ठरलेले आहे. मुलांची तपासणी होते. काही दोष आढळला तर मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीचे पुढे काय होते?

दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारखे गाव डोळ्यांपुढे आणा. समजा, सातवीतली एक मुलगी फिकट दिसते, तिला लवकर थकवा येतो. कारण काय असेल? आहारात लोह कमी असेल, पोटात जंत असतील, किंवा विदर्भात आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजारही असेल. तिन्हींवरचे उपाय वेगळे. म्हणून रक्त तपासलेच पाहिजे. पण कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळला जायचे, तर आईची मजुरी बुडते. मग चिठ्ठी दप्तरातच राहते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात हाच पेच पडला होता. खरूज, खुपऱ्या असलेल्या मुलांना डॉक्टर शाळेतून घरी पाठवीत. घरी मात्र उपचार होत नसत. गरीब वस्तीत राहून समाजकार्य करणाऱ्या लिलियन वॉल्ड या परिचारिकेने १९०२ साली आपली सहकारी लीना रॉजर्स हिला शाळांत पाठविले. लीना शाळेत मलमपट्टी करी आणि मुलांच्या घरी जाऊन आईला उपचार समजावून देई. सप्टेंबर १९०२ मध्ये सुमारे साडेदहा हजार मुलांना घरी पाठवावे लागले होते. वर्षभराने ही संख्या अकराशेवर आली. औषधे तीच होती. नवे होते ते घरापर्यंत जाणे.

आपल्या कार्यक्रमात समाजसेवकाची जागा आहे, पण ती जिल्ह्याच्या केंद्रात. गावात आशाताई आहेत. त्यांच्यावर गरोदर माता आणि तान्ह्या बाळांचेच काम मोठे. माझे मत असे, की दर काही शाळांमागे एक समाजसेवक हवा. परिचारिकेने दोष हेरावा. समाजसेवकाने घरची अडचण समजून घ्यावी, जाण्यायेण्याची सोय करावी. आणि दोघांनी मिळून एकच वही ठेवावी.

ती व्यवस्था होईपर्यंत शिक्षकांनी निदान वही तरी सुरू करावी: नाव, दोष, कुठे पाठविले, उपचार झाला का? वही कपाटात ठेवावी, कारण आजार ही खासगी बाब आहे. आणि मित्रहो, तुम्हांला चिठ्ठी मिळाली, तर ती त्याच दिवशी घरी दाखवा.