दप्तर सरकारचे, साक्ष आपली!



कर्जाचा विषय निघाला की वरून एक प्रश्न हमखास टाकला जातो : शेतकरी कर्जात का बुडतो? उत्तरही सोबतच तयार असते. लग्नात उधळतो, हिशेब ठेवत नाही, सावकाराच्या नादी लागतो. सरकारचे धोरण हे कारण मात्र त्या यादीत कधीच नसते. ही चाल आजची नाही. तिला दीडशे वर्षे झाली आणि तिचा पुरावा खुद्द सरकारच्याच दप्तरात पडून आहे. आपण तो वाचायला गेलो नाही तर तीच चाल आपल्या नातवंडांवरही चालवली जाईल.

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातले सुपे हे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी तिथे जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. मागणी एकच : वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा. कागदांची होळी झाली, धान्याची दुकाने लुटली गेली, काही सावकारांची घरेही पेटली. लोण नगर जिल्ह्यात पोहोचले. तीसहून अधिक गावे उठली. सरकारने फौज बोलावली आणि 951 जणांना धरले. दप्तरात या सगळ्याला नाव मिळाले ‘दख्खनचे दंगे’. उपाशी माणसाने आपल्या गळ्यातला फास जाळला, त्याला म्हणायचे दंगा!

मग आयोग बसला. मुंबई सरकार सुरुवातीला हे प्रकरण फारसे मनावर घेत नव्हते. पण 1857 विसरले नव्हते ते हिंदुस्थान सरकार. त्याने नेट लावला तेव्हा चौकशी झाली, आणि 1878 साली अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. आयोगाला मुद्दाम तपासायला सांगितले होते की, सरकारी सारा हे उठावाचे कारण आहे काय? उत्तर आले : नाही. दोष सावकाराचा. सरकार निर्दोष!

अहवालाचा निष्कर्ष इथे संपतो. पण त्याच चौकशीत रयतेच्या आणि सावकारांच्या जबान्या आहेत, साऱ्याचे दर, बाजारभाव, व्याजाचे आकडे, कलेक्टरांचे खलिते आहेत. ते एकापुढे एक मांडले की वेगळीच गोष्ट दिसते.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालू होती, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. युद्ध संपले, भाव कोसळला, सावकाराने हात आखडला. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी बंदोबस्ताची मुदत संपत होती. इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी चढला. भाव खाली, सारा वर! सारा रोकडीत आणि ठरल्या तारखेला. रोकड सावकाराशिवाय कुणाकडे? 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच चालणार होता, म्हणजे कायदा रयतेच्या भल्याचा. सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला आणि भल्याचा कायदा फासाचा दोर झाला.

आम्ही माती शिकलेली माणसे आहोत. त्या आकारणीत जमिनीची प्रत ठरली ती मातीची खोली आणि रंग पाहून, आण्यांच्या हिशेबात. कागदावर हे शास्त्रीय दिसते. पण खोल काळी जमीनही पाऊस नसेल तर दाणा देत नाही, आणि भीमा-नीरेच्या त्या टापूत पावसाचा भरवसा तेव्हाही नव्हता. मातीची प्रत कायम, सारा कायम. बुडाला तर शेतकरी एकटा. आजही सातबाऱ्यावर जो ‘आकार’ दिसतो, त्याचे मूळ त्या मोजणीतच आहे.

आता खरी गंमत ऐका. उठावाच्या काही महिने आधी, 1874 च्या अखेरीस, मुंबई सरकारने स्वतःच ठराव करून वाढीला लगाम घातला होता : तालुक्यावर 33 टक्के, एका गावावर 66 टक्के, एका खातेदारावर 100 टक्के, त्याच्या वर नाही. सारावाढ निर्दोष होती तर लगाम कशाला? एका दप्तरात कबुली, दुसऱ्या दप्तरात निर्दोष सुटका. दोन्ही कागद सरकारचेच. पुढे 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जापायी तुरुंग टळला, रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा कोर्टाला मिळाली. हे त्या जाळपोळीचे फळ होते, ते नाकारायचे कारण नाही. पण सारा ठरवण्याच्या पद्धतीला त्या कायद्याने हात लावला नाही. प्रश्न जसा विचारला, तसेच उत्तर आले.

काही जण विचारतील, जुनी दप्तरे चाळून कांद्याला भाव मिळणार आहे का? आम्ही विचारतो, न चाळता मिळाला का? स्वामिनाथन आयोगाने 2006 साली उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून हमीभाव द्यावा असे सांगितले. 2018 साली सरकारने दीडपट भाव दिल्याचे जाहीर केले. कोणत्या खर्चाच्या दीडपट? जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज वगळलेल्या खर्चाच्या! 1875 सालीही असेच झाले होते. हिशेबातून नेमके काय वगळायचे, हे हिशेब मांडणाराच ठरवतो. ज्याने जुनी चाल वाचली आहे, त्याला नवी ओळखायला वेळ लागत नाही.

हे कागद शोधायचे कसे, तेही सांगतो. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. पुण्यालाही आहे. तिथल्या जुन्या सूचीत ‘शेतकऱ्यांचा लढा’ असे शीर्षक शोधाल तर हाती काही लागणार नाही. दप्तर आपल्या भाषेत बोलत नाही, राज्य करणाऱ्याच्या भाषेत बोलते. दंगा, अशांतता, गुन्हेगार, सारा तहकुबी, तगाई, हे शब्द धरा. महसूल खात्यात सारा सापडेल, न्याय खात्यात आरोपी सापडतील. मोडी वाचणारा एक तरी माणूस सोबत न्या. आणि लक्षात ठेवा, तिथे आपला माणूस बहुधा जबानी देतानाच भेटतो. समोर अंमलदार बसला आहे हे ध्यानात ठेवूनच त्याचे बोलणे वाचायचे.

अलिबागच्या चरीचा संप वेगळा. 1933 पासून सहा वर्षे कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटलांनी नुसता संप चालवला नाही, 1937 साली ‘कृषीवल’ हे पत्रही काढले. म्हणून त्या लढ्याची साक्ष केवळ पोलिसांच्या अहवालात उरली नाही. सुप्याच्या लोकांचे स्वतःचे पत्र नव्हते.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आमची मागणी आहे :

1. प्रत्येक तालुक्यातून दोन तरुण निवडा. त्यांनी आपल्या तालुक्याच्या सारा, तगाई आणि दुष्काळाच्या फायली शोधून नकला आणाव्यात.

2. सरकारी दप्तरात ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवतात, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षे, ‘ड’ वर्गाचा एकच वर्ष. आपले निवेदन कोणत्या वर्गात टाकले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. लाखभर सह्यांचे निवेदन वर्षाने रद्दीत जाणार असेल, तर तोही लढ्याचाच मुद्दा आहे.

3. मोर्चाचे पत्रक, ठराव, अटकेचा कागद, बाजार समितीची पट्टी, सगळ्यांवर तारीख घाला आणि एक प्रत तालुक्याच्या पेटीत ठेवा.

सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळला, कारण कागद त्याच्याविरुद्ध लिहिला होता. आपण कागद हातात घ्यायचा, वाचायचा आणि पुढच्या आयोगापुढे आपटायचा. पुढच्या वेळी प्रश्न आपण विचारू!