पहिला खेळ कोणता द्यावा? संगणकावरचे जुने भूमिका-खेळ आणि आपली मुले



सुट्टी लागली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पोरगं मोबाईल सोडतच नाही, काय करू?" प्रश्न खरा आहे, पण त्यावर आपण जे उत्तर देतो ते अपुरे पडते. आपण म्हणतो, मोबाईल काढून घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'पबजी'वर बंदी घातली, तेव्हा काय झाले ते आठवून पाहा. मुले दुसऱ्या खेळाकडे वळली, त्यावर बंदी आली की तिसऱ्याकडे. खेळण्याची भूक तशीच राहते. म्हणून माझे मत असे की 'खेळू नको' म्हणण्याआधी 'काय खेळतोस?' हे विचारायला शिकले पाहिजे. आणि त्याही पुढे जाऊन, चांगल्या खेळाची निवड आपणच करून दिली पाहिजे. पुस्तक निवडून देतो ना आपण? तसेच.

आज मी ज्या प्रकाराबद्दल लिहितोय त्याला भूमिका-खेळ म्हणता येईल.

भूमिका-खेळ म्हणजे काय?

आपल्या किनाऱ्यावर शिमग्याला सोंगे निघतात. एखादा मुलगा एरवी वर्गात तोंड उघडत नाही, पण राजाचे सोंग घेतले की त्याची चालच बदलते. भूमिका-खेळाचे मूळ तिथेच आहे. तुम्ही एक पात्र व्हायचे, त्याच्या डोळ्यांनी जग बघायचे, लोकांशी बोलायचे, निर्णय घ्यायचे आणि त्या निर्णयांचे परिणाम सोसायचे.

१९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पुढे तो प्रकार संगणकावर उतरला. १९८१ साली 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' आले, १९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला, १९९७ साली 'फॉलआउट', १९९८ साली 'बाल्डर्स गेट', १९९९ साली 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'. हे सगळे आज अभिजात मानले जातात.

मोबाईलवरच्या रोजच्या गोळीबाराच्या खेळांपेक्षा यांत तीन मोठे फरक आहेत. एक, यांना शेवट असतो. गोष्ट संपते आणि खेळ मिटतो. दोन, यांत अनोळखी माणसे मुलाशी बोलत नाहीत. तीन, यांत वाचावे लागते, भरपूर वाचावे लागते.

सुरुवात कुठून करू नये?

इथे दोन प्रकारची चूक होते. काही जण 'सर्वोत्तम दहा खेळ' अशी यादी शोधतात आणि पहिल्या क्रमांकाचा खेळ मुलाच्या हातात देतात. काही जण म्हणतात, क्रमानेच जाऊ, सगळ्यात जुना आधी. मला दोन्ही पटत नाही.

'प्लेनस्केप: टॉर्मेंट' हा मोठा खेळ आहे, पण त्यात लाखो शब्द आहेत, विषय मृत्यूचा आणि पश्चात्तापाचा आहे, आणि तो प्रौढांसाठी आहे. 'फॉलआउट'मध्ये अणुयुद्धानंतरचे जग आहे, हिंसा उघडी आहे. शाळकरी मुलासाठी दोन्ही नकोत. 'विझर्ड्री'ची अडचण वेगळी. त्यात प्रत्येक मजला २० बाय २० चौकोनांचा असतो, नकाशा आपण आलेख कागदावर काढायचा, आणि एक पाऊल चुकले तर कित्येक तासांची मेहनत मातीत जाऊ शकते. नव्या मुलाला तो खेळ दिला तर तो अर्ध्या तासात सोडेल आणि म्हणेल, "जुने खेळ बोअर असतात."

मराठी शिकवताना आपण पहिलीच्या मुलाला ज्ञानेश्वरी देत नाही. बडबडगीते देतो, मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, मग पुढचे. ज्ञानेश्वरी थोर आहे यात शंका नाही, पण पायरी म्हणून काही असते की नाही?

गंमत म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनाही हे कळले होते. युजी होरी या जपानी माणसाला 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' फार आवडायचे. पण ते खेळ नवख्या माणसाला झेपत नाहीत हे ओळखून त्याने सोपा 'ड्रॅगन क्वेस्ट' रचला.

माझी निवड

पहिली पायरी : 'ड्रॅगन क्वेस्ट' (पहिला भाग). साधारण सहावी-सातवीपासून. एकच नायक, समोर एका वेळी एकच शत्रू, आठ-दहा तासांत संपणारी गोष्ट. हा खेळ अँड्रॉइड फोनवर एकदाच पैसे देऊन मिळतो. आपल्याकडे बहुतेक घरांत संगणक नाही, फोन आहे. हे लक्षात न घेता केलेली निवड कागदावरच राहते.

या खेळाची मांडणी आपल्या मुलांना लगेच समजेल. खेळ सुरू होतो त्या राजवाड्याच्या बाहेर पडलात की पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. अगदी समोर! पण तिथे जायला वाट नाही. सगळा मुलूख फिरून, वस्तू गोळा करून, शेवटी पूल उभा राहतो तेव्हाच पलीकडे जाता येते. राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहून ज्याने जंजिरा पाहिलाय त्याला हे वेगळे सांगायला नको. समोर दिसणे आणि हाती येणे यांत किती अंतर असते, हे या किनाऱ्याने शेकडो वर्षे पाहिले आहे. शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी समुद्रात भर टाकून वाट करण्याचा प्रयत्न केला, तरी जंजिरा मराठ्यांच्या हाती आला नाही. वर्गात हा इतिहास शिकवण्याआधी मुलांनी हा खेळ खेळलेला असेल तर त्यांचे प्रश्न वेगळे येतील.

दुसरी गोष्ट हरण्याची. यात हरलात तर खेळ संपत नाही. राजासमोर परत उभे राहावे लागते, जवळचे अर्धे सोने जाते, पण शिकलेले आणि कमावलेले बळ राहते. परीक्षेत कमी गुण पडले की हबकून जाणाऱ्या मुलांना हे हवे आहे.

आणि एक न लिहिलेला नियम. पूल ओलांडला की शत्रू बळकट होतात. म्हणजे रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडण्याआधी तयारी किती आहे ते तपासा! मुले दोनदा मार खातात आणि तिसऱ्यांदा स्वतःच थांबून विचार करतात. हा विचार आपण कितीही ओरडून शिकवला तरी येत नाही.

दुसरी पायरी : 'क्रोनो ट्रिगर' (१९९५). आठवी-नववीसाठी. हाही फोनवर आणि संगणकावर मिळतो. यात मुले काळातून मागे-पुढे जातात आणि मागच्या काळात केलेले पुढच्या काळात उगवलेले बघतात.

सुरुवातीला एक जत्रा आहे. जत्रेत मुलगा इकडे-तिकडे फिरतो, कुणाचा डबा दिसला तर खाऊन टाकतो, कुणाची हरवलेली मांजर परत करतो किंवा करत नाही. त्याला वाटते ही किरकोळ मजा आहे. नंतर त्याच्यावर खटला भरतो आणि न्यायालयात हीच माणसे साक्षीला उभी राहतात! 'कुणी बघत नाही' असे वाटत असताना आपण कसे वागतो, यावर मूल्यशिक्षणाचा याहून चांगला तास मला ठाऊक नाही.

याच खेळात पुढे एक प्रसंग आहे. वाळवंट झालेल्या जागी जंगल उभे करायचे असते. त्यासाठी सोबतचा यंत्रमानव मागे थांबतो. बाकीचे क्षणात चारशे वर्षे पुढे जातात, तो मात्र ती चारशे वर्षे झाडे लावत राहतो. ३ जून २०२० चे 'निसर्ग' वादळ ज्यांनी सोसले त्यांना मी हा भाग मुद्दाम बघायला सांगेन. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या सुपारी आणि नारळाच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. रोप लावल्यापासून फळ येईपर्यंत किती वर्षे थांबावे लागते हे इथल्या घरांना माहीत आहे. पण त्या वेळी लहान असलेल्या मुलांना आजोबा का गप्प बसले होते ते कळले नव्हते. खेळातून ती गोष्ट निघाली, तर निघू द्या. आजोबांना जवळ बोलवा.

तिसरी पायरी : 'अल्टिमा ४' (१९८५). दहावीनंतर, आणि शक्यतो मोठ्या माणसाच्या सोबतीने. याला संगणक लागतो, चित्रे अगदी साधी आहेत, पण तो अधिकृतपणे मोफत मिळतो. रिचर्ड गॅरियटच्या या खेळाच्या नावात आपला 'अवतार' हा शब्द आहे आणि त्यात मारायला शेवटचा खलनायक नाही! प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी आणणे हेच ध्येय. सुरुवातीला एक बाई तुम्हाला पेचाचे प्रश्न विचारते. दोन्ही पर्याय चांगलेच असतात, एक निवडायचा असतो. तुमच्या उत्तरांवरून तुमचे पात्र ठरते.

यात औषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. ती किंमत सांगते आणि पैसे तुम्ही मोजून द्यायचे. कमी दिलेत तरी ती काही बोलत नाही. खेळ मात्र नोंद ठेवतो.

'बाल्डर्स गेट' वगैरे मोठे खेळ यानंतर, महाविद्यालयात गेल्यावर. तोवर मुले स्वतः निवडू लागलेली असतील.

"पण सर, इंग्रजी?"

हा आक्षेप सगळ्यात मोठा आहे आणि तो टाळून चालणार नाही. या तिन्ही खेळांत मराठी नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला पहिल्या दिवशी घाम फुटेल. 'ड्रॅगन क्वेस्ट'ची इंग्रजी तर मुद्दाम जुन्या वळणाची केली आहे, आपल्या बखरीतल्या मराठीसारखी. पण वाक्ये छोटी आहेत, आणि अडले की पुढे जाता येत नाही. मुलगा शब्दकोश उघडतो कारण त्याला दार उघडायचे असते. धड्याखालचे शब्दार्थ पाठ करण्यात ही ओढ नसते. आपली मुले इंग्रजीला घाबरतात ती बहुतेक वेळा हसे होईल म्हणून. खेळ हसत नाही. चारदा चुकीचे वाचले तरी पाचव्यांदा थांबून राहतो.

तरीही एकट्या मुलाच्या हातात फोन देऊन आपण स्वयंपाकघरात जायचे, असे मी म्हणत नाही. निदान पहिले तीन दिवस शेजारी बसा. तुम्हालाही इंग्रजी येत नसेल तर आणखी चांगले, दोघे मिळून शब्द शोधा.

पैशांचेही बोलू. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. फुकट म्हणून मिळणारे खेळ आत शिरल्यावर पैसे मागतात. हे जुने खेळ एकदाच पैसे घेतात किंवा घेतच नाहीत. मात्र कुणाकडून पेन ड्राइव्हवर चोरीची प्रत आणू नका. प्रामाणिकपणाचा खेळ चोरून आणून खेळायचा, हे मुलांच्या लगेच लक्षात येते.

घरी आणि वर्गात काय करावे?

१. एक दोनशेपानी वही ठेवा. तीन भाग करा: नकाशा, नवे शब्द, आणि 'मी हा निर्णय का घेतला'. वही भरलेली दिसली तरच पुढचा तास खेळायला.

२. दिवसाला एक तास, दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर. आधी तुम्ही स्वतः तासभर खेळून बघा.

३. आलेख कागदावर कुलाबा किल्ल्याचा नकाशा काढायला सांगा. ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत जाता येते, भरतीला नाही. हा नियम नकाशात कसा दाखवाल, हे मुलांनाच विचारा.

४. ज्या शाळेत संगणक नाही तिथे कागदावरचा भूमिका-खेळ करा. माझ्या मते हाच सगळ्यांत चांगला. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, सोबत विकायला घोडा होता. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा अडकवून ठेवला. रेवदंड्यात निकितिनचे स्मारक आहे. एका मुलाला निकितिन करा, एकाला खान, एकाला चौलचा नाखवा, एकाला दुभाषी. फासा टाका. पुढे काय करायचे ते मुले ठरवतील, शिक्षकाने फक्त परिणाम सांगायचा.

पालकहो, मुले काय खेळणार हे तुम्ही ठरवले नाही तर ते जाहिरात ठरवते. पहिले पुस्तक आपण हाताला धरून दिले, पोहायला नेले तेव्हा पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात नेले. पहिला खेळही तसाच द्या. कमरेएवढ्या पाण्यात, आणि आपण शेजारी उभे राहून.