फेरीवाल्याची हक्काची जागा

सिंगापूर पाहून परतणारा मराठी प्रवासी तेथील स्वच्छतेचे श्रेय बहुधा दंडाच्या धाकाला देतो आणि तसाच कडक अंमल बसला तर दादरचे पदपथही मोकळे होतील, असे मानू लागतो; परंतु मॅक्सवेल रस्त्यावरील खाद्यपेठेत भर दुपारी जो जेवावयास बसेल, कचेरीतील अधिकारी आणि टॅक्सीचालक एकाच मेजाशी भात-कोंबडी खाताना जो पाहील, त्याला या सुव्यवस्थेचे मूळ अन्यत्र असल्याचे जाणवल्यावाचून राहणार नाही. तेथील रस्तेही एके काळी हातगाड्यांनी व खरकट्याने व्यापलेले होते. शासनाने १९६८-६९ साली प्रथम या विक्रेत्यांची नोंदणी करून परवाने दिले, आणि नंतर १९७१ ते १९८६ या काळात नळ, गटार, वीज व छप्पर यांची तजवीज असलेल्या पेठा बांधून त्यांना तेथे गाळे दिले. याच खाद्यपेठांच्या संस्कृतीला २०२० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

पिनांगच्या जॉर्ज टाऊनमध्ये तर चुलिया रस्त्यावर आजही सायंकाळी गाड्या लागतात, आणि त्यांच्या शेगड्यांनी त्या जुन्या नगराची शोभा वाढते, असे माझे स्पष्ट मत आहे. बँकॉकने मात्र २०१४ नंतर पदपथ मोकळे करण्याच्या मोहिमेत हजारो विक्रेत्यांना उठविले. तो कित्ता आपण गिरवू नये.

योगायोग असा की, त्याच २०१४ साली आपल्या संसदेने पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हुसकावू नये आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, अशी त्यात तरतूद आहे. तथापि दशक उलटले तरी मुंबईत पात्र विक्रेत्यांच्या याद्यांचा वाद न्यायालयात रेंगाळत राहिला, आणि पालिकेची गाडी दिसताच चादरीची चारी टोके आवळून माणसे पळतच राहिली. जप्त झालेला माल सोडविण्यासाठी दंड भरणाऱ्या या माणसाकडून त्याच संध्याकाळी आपण भाजी घेतो, याचा विचार पदपथांविषयी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे.

याद्या पुऱ्या व्हावयास अवधी लागेल, हे मान्य. परंतु गर्दीच्या स्थानकांबाहेर, जेथे एकाच बादलीत दिवसभराच्या बशा विसळल्या जातात, तेथे नळ आणि गटार देण्यास कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. महापालिकांनी येत्या अंदाजपत्रकातच त्यासाठी रक्कम राखून ठेवावी.