पगाराची स्लिप वाचता येत नसेल, तर धंद्याचा हिशेब कसा वाचणार?



दुकान कसं टाकायचं, मुद्रा कर्ज कसं मिळतं, जीएसटी कधी लागतो, हे प्रश्न मला रोज येतात. "माझ्या पगारातून नेमकं काय कापलं जातं?" हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. खरं तर आपला चॅनल बघणारे बरेच जण आज कुठे ना कुठे नोकरीवर आहेत. कोणी घुग्घुसला ठेकेदाराकडे, कोणी चंद्रपूरच्या एमआयडीसीत, कोणी देसाईगंजच्या राईस मिलमध्ये, कोणी गडचिरोलीतल्या शोरूममध्ये. डोक्यात स्वतःचा धंदा, खिशात दुसऱ्याचा पगार.

अशा सगळ्यांना माझं स्पष्ट मत सांगतो. तुमच्या कामाच्या ठिकाणी हजेरीचं आणि पगाराचं जे ॲप आहे, ते नीट वापरायला शिका. धंद्याचं याच्याइतकं स्वस्त शिक्षण दुसरीकडे मिळणार नाही. फी शून्य आणि उदाहरण तुमच्या स्वतःच्या पैशाचं.

ॲप मालकाचं नाही, अर्धं तुमचंही आहे

आपल्याकडे समज असा, की हजेरीचं मशीन किंवा ॲप म्हणजे मालकाने आपल्यावर ठेवलेला पहारेकरी. सकाळी अंगठा लावायचा, संध्याकाळी लावायचा, बाकी आपल्याला काय करायचं? मी स्वतः दुकानदार आहे, हार्डवेअरच्या दुकानात माझ्याकडे तीन माणसं आहेत, म्हणून काउंटरच्या पलीकडून सांगतो. वाद होतो तेव्हा नोंद ज्याच्याकडे असते त्याचं म्हणणं टिकतं. तोंडी "मी आलो होतो ना भाऊ" याला महिना संपल्यावर काही किंमत राहत नाही.

हे आपल्या लोकांना नवीन नाही. तेंदूच्या हंगामात फळीवर जाऊन बघा. ७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची एक स्टॅण्डर्ड बॅग. मुन्शी पुडे मोजतो, कार्डावर आकडा लिहितो. न शिकलेली आजीसुद्धा आकडा लिहून झाल्याशिवाय आणि शेजारच्या पोराकडून वाचून घेतल्याशिवाय फळीवरून हलत नाही. तिला माहीत आहे की चुकारा कार्डावरच्या आकड्याचा होतो, डोक्यावर वाहून आणलेल्या पानांचा नाही. तिचाच नातू बीकॉम होऊन कंपनीत लागतो आणि सहा-सहा महिने स्लिप उघडत नाही. याला काय म्हणायचं?

रोज, आठवड्याला, महिन्याला

ॲप कोणतंही असो, काम तेच. पगारबुकसारखं साधं असो की ग्रेटएचआर, कीका, झोहोसारखं मोठं.

रोज: पंच केल्यावर नोंद पडली का, ते त्याच क्षणी बघा. अंगठा लागला नाही, नेटवर्क गेलं, लाईट गेली, तर त्याच दिवशी हजेरी दुरुस्तीची विनंती टाका. बऱ्याच ॲपमध्ये याला 'रेग्युलरायझेशन' म्हणतात. प्रत्येक ठिकाणी त्याची एक शेवटची तारीख असते. ती तारीख गेली की पगाराचा हिशेब बंद होतो, मग तुमचा खाडा कायमचा खाडा.

आठवड्याला: ओव्हरटाइमचे तास चढले का आणि साहेबांनी मंजूर केले का, हे तपासा. कायद्यात ओव्हरटाइमचा दर साध्या दराच्या दुप्पट आहे. पण मंजुरीच नसेल तर ॲपच्या लेखी ते तास झालेच नाहीत. सुट्टी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर सांगितली असली तरी ॲपमध्येही टाका. साहेब बदलतात, ग्रुप डिलीट होतात.

महिन्याला: स्लिप उघडा आणि आधी 'पगारी दिवस' बघा, मग रक्कम. एक दिवसाचा पगार कसा काढतात हेही विचारून घ्या. पगार १२,००० असेल तर ३० ने भागल्यावर दिवस ४०० रुपयांचा होतो, २६ ने भागल्यावर साधारण ४६२ रुपयांचा. तीन खाडे झाले तर दोन पद्धतींत सुमारे १८५ रुपयांचा फरक पडतो. खाडा कापताना २६ आणि जादा दिवस देताना ३०, असं तर होत नाही ना, एवढंच बघायचं.

आणि एक गोष्ट करू नका. मित्राची हजेरी तुम्ही लावू नका, तुमची त्याला लावू देऊ नका. पासवर्ड कोणाला देऊ नका. नोंद एकदा खोटी निघाली की तुमच्या खऱ्या नोंदीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

१२,००० चे १०,२७० कसे झाले?

आता मुद्द्याचं. समजा पगार १२,००० आहे आणि सगळ्या रकमेवर पीएफ लागतो. तुमच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०. ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे ९०. पुरुष कामगाराचा पगार १०,००० च्या वर असेल तर व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हातात येतात १०,२७०.

आता मालकाच्या बाजूने बघा. त्यालाही पीएफचे १,४४० भरावे लागतात आणि ईएसआयसीचे ३.२५ टक्के म्हणजे ३९०. पीएफचा विमा आणि प्रशासकीय खर्च त्याहून वेगळा. म्हणजे त्याच्या खिशातून कमीत कमी १३,८३० जातात.

कामगार म्हणतो, मला दहाच हजार मिळतात. मालक म्हणतो, मला चौदा हजारांना पडतो. दोघंही खरं बोलतात आणि दोघांनाही वाटतं समोरचा आपल्याला लुबाडतोय. मधले साडेतीन हजार कुठे गेले हे स्लिपवर आणि पीएफच्या पासबुकात लिहिलेलं असतं, पण ते कोणी वाचत नाही.

पासबुक वाचतानाही एक गोंधळ नेहमी होतो. तुमचे १,४४० दिसतात आणि मालकाचे फक्त ४४०. लगेच बोंब, "मालकाने पैसे खाल्ले!" तसं नसतं. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. इथे ते साधारण १,००० होतात आणि पासबुकात वेगळ्या रकान्यात दिसतात. महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यामुळे २० तारखेच्या पुढे उमंग ॲपवर पासबुक उघडा. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात दोन-तीन महिने भरणा नाही, तर तिथे मात्र गप्प बसू नका. आधी ऑफिसला लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर पीएफ कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

ताईंसाठी एक खास गोष्ट. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या महिलांना व्यवसाय कर नाही. तुमचा पगार १४,००० असेल आणि तरी २०० कापले जात असतील, तर वर्षाचे २,५०० रुपये उगाच जात आहेत. बरेचदा यात कोणाचा डाव नसतो, सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावापुढे चुकीचा पर्याय निवडलेला असतो. एका प्रश्नाने सुटणारं काम आहे.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी यूएएन जपायचा. हा १२ अंकी नंबर आयुष्यभर एकच. ठेकेदार बदलला की जुना नंबर द्या, नवीन काढू देऊ नका. नाहीतर पैसा चार नंबरांत विखुरतो आणि गोळा करताना नाकी नऊ येतात. नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, तेही आजच बघा.

मशीन खोटं बोलत नाही? पण बोलवता येतं

काही जण म्हणतील, ॲप आलं म्हणजे आपोआप सगळं पारदर्शक झालं. तसं होत नाही. रोजगार हमीचं उदाहरण घ्या. १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आपल्या राज्याने केला, आणि मस्टर हा शब्द आपल्या खेड्यापाड्यात तेव्हापासून पाठ आहे. मनरेगामध्ये २०२१ साली एनएमएमएस नावाचं हजेरीचं ॲप आलं. १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून सगळीकडे ते सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा, जागेच्या नोंदीसह मजुरांचा फोटो. उद्देश चांगला होता, खोटी नावं बंद करायची.

पण जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून सांगावं लागलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढला जातोय, एकच मजूर अनेक मस्टरवर दिसतोय. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला वाट सापडली. आणि भामरागड-एटापल्लीकडे, जिथे टॉवर शोधायला टेकडीवर चढावं लागतं, तिथे खरं काम केलेल्या मजुराचा फोटो चढला नाही तर त्याने करायचं काय? फोन त्याच्या हातात नाही, ॲप त्याच्या हातात नाही. त्याचा घाम मात्र खरा आहे.

म्हणून मी दोन गोष्टी सांगतो. नोकरी करणाऱ्यांनो, ॲपवर शंभर टक्के विसंबू नका. घरच्या कॅलेंडरवर रोजची हजेरी, ओव्हरटाइम आणि घेतलेली उचल लिहा. दर महिन्याची स्लिप डाउनलोड करून स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कारण नोकरी सुटली की लॉगिन बंद होतो आणि बँक नेमक्या तेव्हाच स्लिपा मागते.

आणि उद्याच्या मालकांनो, नोंद तपासण्याची जबाबदारी सगळी कामगारावर ढकलू नका. नेटवर्क तुमच्या दुकानात नसेल तर तो त्याचा गुन्हा नाही. मी ॲपही ठेवतो आणि रजिस्टरही. महिनाअखेरीला प्रत्येकाला त्याचे दिवस, उचल आणि शिल्लक दाखवतो, सही घेतो, मग पैसे. पंधरा मिनिटं लागतात, आणि सात तारखेनंतरची कुरबूर वाचते.

"विचारलं तर मालकाला वाईट वाटेल"

सगळ्यात मोठी अडचण ही आहे. आपल्याकडे हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. माझं मत उलटं आहे. "सर, १४ तारखेला मी आलो होतो, ॲपमध्ये खाडा दिसतो, माझी विनंती १५ तारखेची आहे, जरा बघता का?" या वाक्यात भांडण कुठे आहे? तारीख आहे, पुरावा आहे, आदर आहे. असं विचारणारा माणूस मला माझ्या दुकानात हवा आहे. तो उद्या पुरवठादाराचं बिलही असंच तपासेल. आणि सरळ प्रश्नावर जो मालक चिडतो, त्याच्याबद्दल तुम्हाला काहीतरी कळलंच की.

धंद्यात तुम्हाला रोज हेच करायचं आहे. बिल आणि माल जुळतो का, बँकेचं स्टेटमेंट आणि वही जुळते का, उधारी कोणाकडे किती. स्लिप आणि पासबुक जुळवणं ही त्याचीच तालीम आहे. स्वतःचे १,४४० रुपये कुठे गेले हे ज्याने कधी पाहिलं नाही, तो दुसऱ्यांच्या लाखाचा हिशेब ठेवेल यावर मी तरी पैज लावणार नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ: मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा काढा, पासबुक उघडा, घरच्या कॅलेंडरसोबत ठेवा. वहीत तीन रकाने पाडा: माझी नोंद, स्लिपची नोंद, फरक. फरक निघाला तर तारखेसह लिहा आणि सोमवारी शांतपणे विचारा. फरक शून्य निघाला तर त्याच वहीच्या पुढच्या पानावर मालकाचा खर्च मांडा आणि स्वतःला विचारा, उद्या माझ्या दुकानात एक माणूस ठेवायला मला महिन्याला किती कमवावं लागेल?