विश्लेषण : फेरेटचा पिंजरा अंगणात बांधावा का?

परदेशी पाळीव प्राण्यांची हौस आता मोबाइलच्या पडद्यावरून थेट घरात येते. अंगणात लाकडी खुराडे, त्यात मऊ अंथरूण आणि जाळीतून डोकावणारे फेरेट असे व्हिडिओ पाहून 'असाच पिंजरा करून द्या' म्हणावेसे वाटणे साहजिक आहे. शिरोली एमआयडीसीत तर तो करून मिळणेही अवघड नाही. जिथे ओतकामापासून शेड उभारणीपर्यंत लोखंडाची सगळी कामे होतात, तिथे अँगल, जाळी आणि पत्रा जोडून पिंजरा करणे हे एका दिवसाचे काम. प्रश्न कारागिरीचा नाही, हवेचा आहे. म्हणून मत सुरुवातीलाच मांडतो: कोल्हापूर परिसरात फेरेटचे राहते घर उघड्यावर बांधू नये. बाहेर बांधायचेच असेल तर फक्त सकाळ-संध्याकाळ पळण्यापुरती जागा बांधावी.

फेरेट म्हणजे नेमके काय?

फेरेट म्हणजे युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्याची माणसाने पाळीव केलेली जात. लांबट, लवचीक अंग आणि आखूड पाय. बिळात शिरून ससे बाहेर हुसकावण्यासाठी युरोपात तो शेकडो वर्षे पाळला गेला. आपल्याकडे अनेक जण त्याला 'विदेशी मुंगूस' म्हणतात, पण मुंगूस वेगळ्या कुळातले. शिवाय मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. ते पाळणे गुन्हा आहे.

फेरेट पूर्ण मांसाहारी असतो आणि दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो. उरलेल्या वेळात मात्र तो प्रत्येक फट, प्रत्येक कोपरा तपासून पाहतो. पिंजऱ्याचा विचार करताना झोप आणि शोधक स्वभाव या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

अंगणातला पिंजरा इथे का चालत नाही?

ब्रिटनमध्ये फेरेट परसातल्या खुराड्यात ठेवण्याची जुनी पद्धत आहे. तिथल्या खुराड्याचे काम थंडी आणि पाऊस अडवणे. म्हणून त्याची झोपायची पेटी बंदिस्त, उबदार असते. तीच पेटी शिरोलीत मे महिन्यात ठेवली तर तिची भट्टी होते.

फेरेटला माणसासारखा घाम येत नाही. तापमान २७ अंशांच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो आणि तिशीच्या पुढे उष्माघाताने जीव जाऊ शकतो. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ३५ ते ३८ अंशांपर्यंत जातो. हिवाळ्यातही रात्र गार असली तरी दुपारी तो २८-३० च्या आसपास असतो. दिवसभर बाहेर ठेवता येईल असा गारवा मिळतो तो पावसाळ्यातच, आणि तेव्हा ओल, चिखल व कुबट हवा असते. म्हणजे वर्षाचा एकही ऋतू उघड्यावरच्या पिंजऱ्याला पूर्ण अनुकूल नाही.

पंखा लावला तर?

पंखा माणसाला गार करतो तो अंगावरचा घाम वाळवून. ज्याला घामच नाही, त्याच्यावर गरम हवा मारून फारसा उपयोग होत नाही. पाण्याचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात काही अंश मदत करतो, दमट हवेत तोही निकामी होतो. उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लावून पाहा, त्याखाली बंद असलेल्या जिवाची कल्पना येईल.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अपुरा पिंजरा हीच क्रूरता मानतो. प्राण्याला वाजवी हालचाल करता येईल एवढी लांबी, रुंदी, उंची हवी. पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हाही गुन्हाच. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाने कोणी घाबरणार नाही. त्यामुळे प्राण्याचे भले कायद्याच्या हाती कमी आणि मालकाच्या हाती जास्त आहे.

दुसरी गोष्ट खरेदीची. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या 'साइट्स' यादीतील विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. फेरेट या यादीत नाही. पण 'फेरेट' म्हणून दुसराच प्राणी गळ्यात मारला गेला, तर अडचण खरेदीदाराची. पावतीवर प्राण्याचे शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि दुकान २०१८ च्या पेट शॉप नियमांखाली नोंदलेले आहे का, हेही विचारा.

फेरेट सुटला तर काय, याचे उत्तर न्यूझीलंडने दिले आहे. ससे आवरायला तिथे १९ व्या शतकात फेरेट सोडले गेले. पुढे ते किवीसारख्या पक्ष्यांच्या मुळावर उठले. शेवटी २००२ मध्ये त्यांची विक्री आणि पैदास यावर बंदी आली.

मग बाहेर काय बांधता येईल?

फेरेट झोपेल घरात, भिंतींच्या गारव्यात. बाहेर असेल ती पळण्याची जागा, देखरेखीखाली आणि ऊन उतरल्यावर. ती बांधताना (अंगणात ससे पाळणाऱ्यांनीही यातले बरेच ध्यानात घ्यावे, त्यांनाही उष्मा सोसत नाही):

• छप्पर दुहेरी. वर पत्रा, मध्ये चार-सहा इंच मोकळी हवा, खाली प्लायवूड. पश्चिमेला भिंत किंवा झाड असावे. नुसत्या शेडनेटवर विसंबू नये.

• जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश. जिथून डोके जाते तिथून फेरेट जातो. कोंबड्यांची षटकोनी जाळी कुत्रा सहज वाकवतो.

• जीआय जाळी असेल तर सावध. फेरेट जाळी चावतो आणि पोटात गेलेले जस्त त्याला विषारी ठरते. शिवाय जीआयवर वेल्डिंग केले की जस्त जळते. सांधा गंजतो आणि धुराने वेल्डरला ताप भरतो. स्टेनलेस किंवा नीट पावडर कोटिंग केलेली जाळी महाग पडते, पण तीच घ्यावी.

• कारखान्यात उरलेला रंग लावू नये. घरगुती रंगातील शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. औद्योगिक रंगांना ती लागू नाही.

• तळ भरीव, जमिनीपासून दोन फूट वर. जाळीच्या तळाने पाय दुखावतात.

• दारे दोन, एकामागे एक. बाहेरचे लागल्याशिवाय आतले उघडायचे नाही.

• सांडलेले मांस रोज उचलावे. मांसामागे उंदीर येतो, उंदरामागे साप.

• भटक्या कुत्र्यांचे तोंड जाळीला लागू नये म्हणून बाहेरून दुसरे कुंपण. कुत्र्यांचा डिस्टेंपर फेरेटला जवळजवळ नेहमीच मारतो.

• फाउंड्रीच्या वाळूची किंवा ग्राइंडिंगची धूळ येते त्या बाजूला जागा निवडू नये.

पूर आला तर?

शिरोलीकरांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांपुढे गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूरू महामार्ग बंद पडला. अशा वेळी माणसे निघून जातात आणि काँक्रीटमध्ये रोवलेला पिंजरा तिथेच राहतो. म्हणून सखल भागातल्या पिंजऱ्याचे पाय जमिनीत गाडू नयेत. दोन माणसांना उचलता येईल एवढेच वजन असावे. आणि इशारा पातळी गाठली की प्राणी कुठे न्यायचा, हे जूनच्या आधी ठरलेले असावे.

फॅब्रिकेटरने काय विचारावे?

माप घेण्याआधी तीन प्रश्न पुरेत. आत कोणता प्राणी राहणार? दुपारी तिथे ऊन असते का? गरज पडली तर तो कोण उचलणार? उत्तर मिळाले नाही, तर ऑर्डर थांबवावी. यात धंद्याचे नुकसान नाही. चुकीच्या पिंजऱ्यात प्राणी दगावला, तर बदनामी बनवणाऱ्याचीही होते.

शिकारी प्राणी पाळणे कोल्हापूरला नवे नाही. संस्थानकाळात इथे चित्ते पाळून काळविटाची शिकार होत असे, त्यासाठी आफ्रिकेतूनही चित्ते आणले गेले. पण त्या चित्त्यांमागे त्यांची भूक, राग आणि आजार ओळखणारे चित्तेवान होते. फेरेट चित्त्यापेक्षा फार लहान आहे, पण त्यालाही ओळखणारे माणूस लागते. फेरेटवर उपचार करणारा पशुवैद्य जवळ नसेल आणि दुपारी घरात गारवा ठेवता येत नसेल, तर पिंजऱ्याची ऑर्डर देऊच नये. हौस थांबवता येते. मे महिन्यातली दुपार थांबवता येत नाही.