मथळे नुसते ठळक नकोत!

मैत्रिणींनो, घर सांभाळून शिकवण्या घेणाऱ्या आपल्यात कितीतरी जणी आहेत. २०२० साली करोनामुळे शाळा घरात आली, तेव्हापासून नोट्स संगणकावर तयार करून पाठवणे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्या आपण हौसेने नटवतोही. मथळा मोठा, ठळक, खाली रेघ, वर लाल रंग! पण ज्या मुलाला दिसतच नाही, त्याला या सजावटीचा काय उपयोग?

अंध मुले संगणकावरचे कानांनी वाचतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एन.व्ही.डी.ए. हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. वेबपानावर किंवा पीडीएफमध्ये 'एच' दाबले, की तो थेट पुढच्या मथळ्यावर जातो. मात्र मथळा म्हणून खूण केलेलीच ओळ त्याला मथळा वाटते. ठळक अक्षरे त्याच्या लेखी साधी ओळच. फडताळात वीस सारखे डबे आणि एकावरही चिठ्ठी नाही, अशातली गत! जिऱ्यासाठी प्रत्येक झाकण उघडायचे.

माझ्या वर्गातली एक अंध मुलगी म्हणाली, "बाई, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्याजणी पानं चाळतात. मला मात्र पहिल्या ओळीपासून ऐकावं लागतं." हुशार मुलीची अर्धी रात्र अशी शोधण्यातच जाते, बरं का!

उपाय अगदी सोपा आहे. वर्डमध्ये मथळ्याच्या ओळीवर कर्सर ठेवा आणि 'होम'मधल्या 'स्टाइल्स'मधून 'हेडिंग १' निवडा. धड्याच्या नावाला हेडिंग १, मुख्य भागांना २, पोटभागांना ३. मधली पायरी गाळू नका. रंग आवडला नाही, तर त्या स्टाइलवर उजवे क्लिक करून 'मॉडिफाय'मध्ये बदला. मग लाल काय, जांभळाही चालेल!

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा :

● मथळा बोलका हवा. 'भाग २' ऐवजी '१८५७ च्या उठावाची कारणे' असे लिहा.

● पीडीएफ 'सेव्ह ॲज'ने करा. 'प्रिंट'मधून केली, तर मथळ्यांची खूण पुसली जाते.

● मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधले मराठी स्क्रीन रीडरला अगम्य असते.

● वहीच्या पानाचा नुसता फोटो पाठवू नका. त्याच्या दृष्टीने ते निव्वळ चित्र.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या मुलांचा इतरांबरोबर शिकण्याचा हक्क मान्य केला आहे. पण तो हक्क त्यांच्या हाती पडायचा, तर आपल्या नोट्सही तशा हव्यात, नाही का?

आज जेवणे आटोपली, की एक जुनी फाइल उघडा. 'व्ह्यू'मध्ये 'नेव्हिगेशन पेन'वर खूण करा. डावीकडे मथळ्यांची यादी दिसली, तर उत्तम. जागा रिकामी दिसली, तर मात्र कामाला लागा. एका धड्याला पाच-दहा मिनिटे पुरतात!