दलालाचा परवाना सीमेवर अडतो, त्याचा प्रश्न अडत नाही



१९१७ साली परमपूज्य बाबासाहेब परदेशातील उच्च विद्या संपादून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना डोके टेकावयास जागा मिळाली नाही. ते उतरले होते त्या पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज काठीचे काम बहुधा एक गोड प्रश्न करतो. घरांचा दलाल हसतमुखाने विचारतो, "आडनाव काय म्हणालात?" उत्तर ऐकताच दाखवावयाचे घर "कालच गेले" असे ठरते.

या दलालाच्या कायदेशीर स्थितीचा विचार आपण करावयास हवा. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वये, नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका वा भूखंड यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणाऱ्यास नोंदणी बंधनकारक आहे. कलम ९ प्रमाणे ही नोंदणी एका संपूर्ण राज्यापुरती वा केंद्रशासित प्रदेशापुरती मिळते. महाराष्ट्रात नोंदलेल्या दलालास गोव्यातील वा कर्नाटकातील प्रकल्पाचा सौदा करावयाचा असेल, तर तेथील प्राधिकरणाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. हा जाच आहे, साऱ्या देशासाठी एकच परवाना असावा, अशी या व्यवसायातील अनेकांची तक्रार असते.

आमचे त्यांस उत्तर असे : परवाना अवश्य विस्तारा, परंतु प्रथम त्यात समतेची अट घाला. दलालाची कर्तव्ये सांगणाऱ्या कलम १० मध्ये अनुचित व्यापारी प्रथांना मनाई आहे; मात्र जातीवरून वा धर्मावरून ग्राहक नाकारू नये, असे एक अक्षरही तेथे नाही. ज्याचा परवाना राज्याच्या सीमेवर थांबतो, त्याचा आडनावाचा प्रश्न मात्र मुंबईहून इंदूरपर्यंत विनापरवाना प्रवास करतो. अशा माणसास अखिल भारतीय सनद देणे म्हणजे त्या प्रश्नासच राजमुद्रा देणे होय.

मग तोवर आपण निराधार आहोत काय? मुळीच नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम साऱ्या भारतास लागू आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत निवासी जागा घेण्यास वा तेथे राहण्यास अटकाव करणे हा कलम ४ खाली गुन्हा आहे. इतरांस दिली जाणारी सेवा त्याच अटींवर नाकारणे हा कलम ६ खाली गुन्हा आहे. आणि कलम ८ लक्षात ठेवा : कलम ६ खाली दोषी ठरलेल्याचा त्या व्यवसायाचा परवाना रद्द वा निलंबित करण्याचा अधिकार न्यायालयास आहे. परवाना या शब्दात परवानगीही येते, असे तेथेच स्पष्ट केले आहे. स्थावर संपदेची नोंदणी ही अशीच परवानगी होय, असे माझे मत आहे. भाड्याच्या घरांचा दलाल २०१६ च्या अधिनियमाबाहेर राहील. १९५५ च्या अधिनियमातून तोही सुटत नाही.

कोणी म्हणेल, "मालकच नको म्हणतो, दलालाचा काय अपराध?" मोबदला घेऊन जो दुसऱ्याचा नकार पोहोचवितो, तो त्या नकाराचा भागीदार आहे. गुन्ह्यास साहाय्य करणाऱ्यास कलम १० तीच शिक्षा सांगते.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. अनुसूचित जातीचा दर्जा राज्यापुरता असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरविले. म्हणून परराज्यात तुम्हांस हक्क नाही, असे सांगितले जाते. हा बुद्धिभेद आहे. आरक्षणाचा लाभ राज्याशी बांधलेला असेल. अस्पृश्यतेचा गुन्हा बांधलेला नाही. फार तर पीडित अनुसूचित जातीचा असल्यास न्यायालयाने करावयाचे अनुमान, जे कलम १२ मध्ये आहे, त्याबद्दल प्रतिपक्ष वाद घालील आणि आपणांस अधिक पुरावा द्यावा लागेल. राज्यघटनेचे कलम १७ मात्र कोणत्याही सीमेवर प्रमाणपत्र मागत नाही.

आता थोडे कटु बोलतो. आपल्यातीलच काही कुटुंबे घरासाठी आडनाव बदलून सांगतात, बुद्धाची प्रतिमा ट्रंकेत ठेवतात. त्यांची अडचण मी जाणतो. मुलाबाळांसह रस्त्यावर राहता येत नाही. परंतु ज्या घरात वंदना दार लावून, हळू आवाजात म्हणावी लागते, त्या घराचे भाडे आपण पैशांहून अधिक मोठ्या किमतीने भरतो. धर्मांतर आपण जात लपविण्यासाठी केले नाही. जात नाकारण्यासाठी केले. लपविणारा मनातून तिला मानतोच.

म्हणून दलालाकडे जाल तेव्हा प्रथम त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. सोबत एक साक्षीदार न्या. नकार मिळाल्यास दिनांक, स्थळ आणि उच्चारलेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. संदेश जपून ठेवा. तेच घर दुसऱ्यास दाखविले जाते काय, हे पाहा. नंतर लेखी तक्रार पोलिसांकडे द्या आणि तिची प्रत त्या राज्याच्या प्राधिकरणास पाठवा. एकट्याने जाऊ नका. विहाराने कुटुंबामागे उभे राहावे.

आपले तरुणही या व्यवसायात शिरोत, नोंदणी घेवोत आणि येणाऱ्या प्रत्येकास, तो कोणीही असो, आडनाव न विचारता घर दाखवोत. समतेची अट कायद्यात येईल तेव्हा येईल; ती पाळणारा पहिला दलाल बौद्ध असावा.

जय भीम!